इस्लामी राज्य आणि लोकशाही : इराणच्या अनुभवावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्लामी राज्यव्यवस्थेचं आणि लोकशाहीचं जमतं का, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा टीव्हीवरच्या आरडाओरड्यात नाहीतर व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये विरून जातो. इथे तो मुख्यतः इराणच्या आधाराने मांडला आहे. 'इस्लामी' आणि 'प्रजासत्ताक' हे दोन्ही शब्द नावात घेऊन, दोन्हींना राज्यघटनेत जागा देऊन हा प्रयोग तिथे चार दशकांहून जास्त काळ चालला. ट्युनिशिया, इजिप्त, इंडोनेशिया हे देश गरजेपुरते येतील.

इस्लाम आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात का? हो की नाही, एवढंच सांगा.

एवढंच सांगितलं तर उत्तर खोटं ठरेल. परंपरेतून लोकशाहीला आधार देणारे मोठे धर्मपंडित झाले आणि त्याच परंपरेतून तिला पाखंड ठरवणारेही झाले. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि ज्याचा शेवटचा शब्द, त्याला लोक खुर्चीवरून उतरवू शकतात का? खालच्या जवळपास सगळ्या उत्तरांत हाच प्रश्न फिरून फिरून येतो.

कुराणात राज्यव्यवस्थेचा आराखडा दिलेला आहे ना?

तयार आराखडा नाही. आपसातले व्यवहार सल्लामसलतीने करावेत अशी आयत आहे (४२:३८). आपल्यातल्या अधिकाऱ्यांचं ऐकावं अशीही आहे (४:५९). लोकशाहीवादी पहिलीवर बोट ठेवतात, सत्ताधारी दुसरीवर. राज्यकर्ता कसा निवडायचा, किती वर्षांसाठी, त्याला काढायचं कसं, यावर नेमकं काही सांगितलेलं नाही.

पहिल्या चार खलिफांचंच बघा. अबू बकर यांची निवड मदिनेतल्या एका बैठकीत वादावादीनंतर झाली. उमर यांचं नाव अबू बकर यांनी मृत्यूपूर्वी सुचवलं. उस्मान यांना सहा जणांच्या समितीने निवडलं. अली यांच्याकडे लोक स्वतः गेले. चार खलिफा आणि चार पद्धती. १९२५ साली इजिप्तमधल्या अल-अझहर या धर्मविद्यापीठाचे पंडित आणि शरियत न्यायाधीश अली अब्दुल राजिक यांनी खिलाफत हा धर्माचा भागच नाही असं पुस्तक लिहून सांगितलं, तर अल-अझहरने त्यांची पंडिताची पदवी काढून घेतली. म्हणजे हा वाद इस्लामच्या घरातला आणि जुना आहे.

विलायत-ए-फकीह, म्हणजे धर्मपंडिताची सत्ता, ही शिया पंथाची मूळ शिकवण आहे का?

आज ज्या रूपात ती दिसते, त्या रूपात नाही. बारा इमाम मानणाऱ्या शियांची श्रद्धा अशी की बारावे इमाम नवव्या शतकात दृष्टीआड झाले आणि ते परत येईपर्यंत पूर्ण न्याय्य राज्य शक्य नाही. यावरून बहुतेक मोठ्या पंडितांनी शतकानुशतकं असा अर्थ घेतला की आपण राजाला उपदेश करावा, अनाथांच्या आणि बेवारस मालमत्तेच्या बाबतीत पालकत्व घ्यावं, पण गादीवर बसू नये. पुढे १९७९ साली शहाची राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीचे नेते झालेले रुहोल्ला खोमेनी यांनी १९७० साली इराकमधल्या नजफला हद्दपारीत असताना दिलेल्या व्याख्यानांत हे पालकत्व ताणून सबंध राज्यापर्यंत नेलं. त्यांच्या तोडीचे अनेक पंडित तेव्हाही याला राजी नव्हते.

याच परंपरेतून घटनात्मक राज्याची बाजूही मांडली गेली होती, आणि ती खोमेनींच्या साठ वर्षं आधी. १९०५ ते १९११ या काळात इराणमध्ये घटनेसाठी क्रांती झाली आणि १९०६ साली पहिली मजलिस, म्हणजे संसद, बसली. नजफचे पंडित मोहम्मद हुसेन नाईनी यांनी १९०९ साली मांडलं ते थोडक्यात असं : इमाम नसताना कुठलीच सत्ता निर्दोष नाही, पण निरंकुश राजा देवाचा, इमामाचा आणि लोकांचा असा तिघांचा हक्क हिरावतो. घटनेने त्याचे हात बांधले तर निदान लोकांचा हक्क तरी लोकांकडे राहतो. त्याच वेळी तेहरानमध्ये शेख फजलुल्ला नूरी घटनेला धर्मविरोधी ठरवत होते. त्यांना १९०९ साली घटनावाद्यांनी फाशी दिलं. आज तेहरानमधल्या एका मोठ्या द्रुतगती मार्गाला नूरींचं नाव आहे. १९७९ नंतरच्या राज्यकर्त्यांनी या वादात कोणाची बाजू घेतली, ते यावरून कळतं.

पण १९७९ साली इराणी जनतेने स्वतः मतदान करून हे राज्य निवडलं. मग तक्रार कसली?

मतदान झालं, आणि लोक उत्साहाने आले, हे खरं आहे. मार्च १९७९ च्या अखेरीस घेतलेल्या सार्वमतात ९८ टक्क्यांहून जास्त मतं 'हो'च्या बाजूने पडली. पण मतपत्रिकेवर प्रश्न काय होता? 'इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही' एवढाच. 'हो'ची चिठ्ठी हिरवी, 'नाही'ची लाल. या प्रजासत्ताकाची घटना तेव्हा लिहिलेलीच नव्हती. हंगामी पंतप्रधान मेहदी बाजारगान यांना नावात 'लोकशाही' हा शब्दही हवा होता. खोमेनींनी एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही असं सांगून तो विषय संपवला.

त्याच वर्षी जूनमध्ये घटनेचा जो पहिला मसुदा प्रसिद्ध झाला त्यात सर्वोच्च नेत्याचं, म्हणजे सत्तेच्या शिखरावरच्या धर्मपंडिताचं, पदच नव्हतं. ते ऑगस्टमध्ये निवडून आलेल्या आणि धर्मगुरूंचं बहुमत असलेल्या सभेने घातलं. डिसेंबरमध्ये दुसरं सार्वमत झालं तेव्हा आयातोल्ला शरियतमदारी यांनी लोकांचं सार्वभौमत्व आणि हा नेता यांचा मेळ बसत नाही म्हणून उघड हरकत घेतली.

याच वर्षाच्या सुरुवातीला, १ फेब्रुवारीला, खोमेनी परत आले आणि तेहरानच्या बहिश्त-ए-जहरा या कब्रस्तानात बोलले. शहाच्या राजघराण्याला आपल्या वाडवडिलांनी मान्यता दिली होती असं धरलं, तरी आमचं नशीब ठरवण्याचा त्यांना काय हक्क होता, असा त्यांचा सवाल होता. १९७९ नंतर जन्मलेले इराणी तरुण हाच सवाल इस्लामी प्रजासत्ताकाला करतात, आणि मला तो तेव्हाइतकाच बिनतोड वाटतो.

इराणमधल्या निवडणुका खऱ्या असतात की दिखाऊ?

या प्रश्नाला मी जास्त जागा देतो, कारण 'तिथे हुकूमशाही आहे, विषय संपला' असं म्हणणारे आणि 'तिथेही निवडणुका होतात' असं म्हणणारे दोघंही अर्धंच बघतात.

मतदार आपलं ओळखपत्र घेऊन केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. तेहरानमधून मजलिसवर तीस जण निवडले जातात, म्हणून तिथला मतदार एका पत्रिकेवर तीस नावं लिहू शकतो. लोक याद्या घेऊन येतात, रांगेत एकमेकांना नावं विचारतात. निकालही अनपेक्षित लागतात. १९९७ साली सत्ताधारी वर्तुळाची पसंती दुसऱ्याच उमेदवाराला असताना मोहम्मद खातमी जवळपास ७० टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. हे नाटक नव्हतं.

पण मतदार केंद्रावर पोहोचण्याआधीच मोठी निवड होऊन गेलेली असते. बारा जणांची गार्डियन कौन्सिल उमेदवारांची छाननी करते. १९९७ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी २३८ जणांनी नावं नोंदवली आणि चौघांना परवानगी मिळाली. २०२१ साली ५९२ पैकी सात. २०२४ साली ८० पैकी सहा. छाननीचे निकष धर्मनिष्ठा, व्यवस्थेशी निष्ठा असे ढिले असतात. २००४ च्या मजलिस निवडणुकीत दोन हजारांहून जास्त उमेदवार बाद झाले, त्यात विद्यमान खासदारच सुमारे ८० होते. २०१३ साली तर अकबर हाशमी रफसंजानी बाद झाले. माजी राष्ट्राध्यक्ष, क्रांतीच्या पहिल्या फळीतले नेते, आणि त्या क्षणी राज्याच्या एका सर्वोच्च परिषदेचे अध्यक्ष! राज्य उभारणारा माणूसच त्या राज्यात उमेदवार म्हणून चालत नसेल, तर छाननीला मर्यादा उरलेली नाही.

लोकांनी याला घरी बसून उत्तर दिलं. १९९७ साली मतदान ८० टक्क्यांच्या आसपास होतं. जून २०२४ च्या पहिल्या फेरीत ते ४० टक्क्यांवर आलं, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतला तोवरचा नीचांक.

निवडून आलेल्या संसदेला कायदे तर करता येतात ना?

करता येतात, टिकतीलच असं नाही. ६ ऑगस्ट २००० ची मजलिसची बैठक बघा. काही महिन्यांपूर्वीच सुधारणावादी मोठ्या बहुमताने निवडून आले होते. त्यांची वर्तमानपत्रं धडाधड बंद केली जात होती, म्हणून वृत्तपत्रांवरचा कायदा सौम्य करायचं विधेयक चर्चेला येणार होतं. ते कामकाजातून गायब झालं. खासदार संतापले, सभागृहात झटापट झाली, काही जण बाहेर पडले. तेव्हा सभापती मेहदी कर्रुबी यांनी सर्वोच्च नेते अली खामेनेई यांचं पत्र वाचून दाखवलं : हा विषय चर्चेला घेऊ नये. कर्रुबी स्वतः सुधारणावादी. तरी घटनेत नेत्याची निरपेक्ष सत्ता आहे, ती अशीच चालते, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं. विधेयक तिथेच संपलं. मतदानाला टाकून ते पाडलं असतं तरी निदान वाद झाला असता.

नंतर खातमींनी दोन विधेयकं आणली. एक राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवणारं, दुसरं गार्डियन कौन्सिलची छाननी कमी करणारं. मजलिसने दोन्ही मंजूर केली. पण मजलिसचं प्रत्येक विधेयक धर्माशी आणि घटनेशी सुसंगत आहे की नाही हे गार्डियन कौन्सिलच ठरवते. तिने आपल्याच अधिकाराला कात्री लावणारं विधेयक फेटाळलं, दुसरंही परत पाठवलं, आणि २००४ साली खातमींनी ती मागे घेतली.

सर्वोच्च नेत्याला हटवता येतं का?

कागदावर येतं. घटनेच्या १११ व्या कलमाप्रमाणे ८८ धर्मपंडितांची तज्ज्ञसभा त्याला काढू शकते, आणि ही तज्ज्ञसभा लोकांनी निवडलेली असते. पण तिच्या उमेदवारांची छाननी गार्डियन कौन्सिल करते. गार्डियन कौन्सिलचे सहा फकीह खुद्द नेता नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित मजलिस निवडते, पण न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाने दिलेल्या नावांतूनच, आणि तो प्रमुखही नेत्यानेच नेमलेला. २०२४ साली माजी राष्ट्राध्यक्ष हसन रुहानी यांनाही या तज्ज्ञसभेसाठी अपात्र ठरवलं गेलं, आणि ते तोवर पंचवीसेक वर्षं तिचे सदस्य होते. १९८९ साली घटनादुरुस्तीत नेत्याच्या सत्तेला 'निरपेक्ष' हे विशेषण जोडलं गेलं. तज्ज्ञसभेने हटवण्याचा अधिकार कधीही वापरलेला नाही.

भारतातही सर्वोच्च न्यायालय संसदेचे कायदे रद्द करतं आणि न्यायाधीश आपण निवडत नाही. मग फरक काय?

प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नये. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांनी ठरवलं की संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. म्हणजे बहुमताच्या हाताबाहेर काही गोष्टी आपणही ठेवल्या आहेत. बहुतेक लोकशाह्या ठेवतात.

फरक आहे तो उमेदवारीत. उद्या सरकारवर कडाडून टीका करणाऱ्याने अर्ज भरला, तर निवडणूक अधिकारी त्याचं वय, मतदार यादीतलं नाव, शिक्षा झाली आहे का, असल्या गोष्टी बघतो. त्याची घटनेवरची निष्ठा पुरेशी गाढ नाही म्हणून अर्ज बाद करत नाही. न्यायालयासमोर दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या जातात, निकालाची कारणं लिहावी लागतात, न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. इराणच्या नेत्याला ना मुदत, ना निवृत्ती. सैन्य, रिव्होल्युशनरी गार्ड, न्यायव्यवस्था, सरकारी रेडिओ-टीव्ही या सगळ्यांचे प्रमुख तोच नेमतो.

धर्मगुरू सगळे या व्यवस्थेच्या बाजूचेच असणार?

मुळीच नाही, आणि ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी येत नाही याचं मला वाईट वाटतं. या व्यवस्थेवरची सर्वांत धारदार टीका पगडीवाल्यांनीच केली. हुसेन अली मुंतजरी घटना लिहिणाऱ्या सभेचे अध्यक्ष होते, विलायत-ए-फकीहचे खंदे पुरस्कर्ते होते, खोमेनींचे नियोजित वारसदार होते. १९८८ साली तुरुंगांत राजकीय कैद्यांना सरसकट फाशी दिलं गेलं तेव्हा त्यांनी लेखी विरोध केला. मार्च १९८९ मध्ये त्यांचं वारसपद गेलं. पुढे त्यांनी मांडलं की फकीहने देखरेख करावी, राज्य करू नये, आणि तीही लोकांच्या संमतीनेच. १९९७ ते २००३ ते कोम शहरात नजरकैदेत होते.

दुसरं नाव नजफचे अली सिस्तानी. २००३ साली अमेरिकेने इराक व्यापल्यावर इराकची घटना अमेरिकेने नेमलेल्या मंडळींकडून लिहून घेण्याचा बेत होता. सिस्तानींनी जूनमध्ये फतवा काढला : घटना लिहिणारे लोकांनी निवडलेलेच हवेत. लोकशाही आणतो म्हणणाऱ्या अमेरिकेला निवडणूक घ्यायला एका आयातोल्लाने भाग पाडलं! सिस्तानींनी स्वतः कुठलंही पद घेतलं नाही.

स्त्रिया आणि अल्पसंख्याक?

स्त्रिया मत देतात, खासदार होतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र आजवर एकाही स्त्रीला छाननीतून पुढे जाऊ दिलेलं नाही. क्रांतीतले मोठे धर्मगुरू आयातोल्ला तालेगानी यांच्या कन्या आझम तालेगानी यांनी १९९७ पासून अनेकदा अर्ज भरला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा हिजाबवरून झालेल्या अटकेनंतर मृत्यू झाला आणि देशभर उठाव झाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे.

मजलिसच्या २९० जागांपैकी पाच राखीव : अर्मेनियन ख्रिश्चनांना दोन, असिरियन-काल्डियन ख्रिश्चनांना मिळून एक, ज्यू एक, पारशी एक. बहाई धर्मीयांना मान्यताच नाही. सुन्नी मुसलमान राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही, कारण ११५ व्या कलमाप्रमाणे राष्ट्राध्यक्ष देशाच्या अधिकृत शिया पंथाचाच लागतो.

मुंबईतल्या अनेक इराणी कुटुंबांचं मूळ ज्या यज्दचं, तिथलं एक उदाहरण देतो. सेपंता निकनाम हे पारशी नगरसेवक २०१७ मध्ये तिथे पुन्हा निवडून आले. मुसलमान बहुसंख्य असलेल्या ठिकाणी बिगरमुसलमान प्रतिनिधी चालत नाही, या गार्डियन कौन्सिलच्या प्रमुखांच्या भूमिकेवरून त्यांचं पद स्थगित झालं. मतं देणारे बहुतेक मुसलमानच होते, त्यांची काही हरकत नव्हती. मजलिस नगरसेवकाच्या बाजूने उभी राहिली आणि २०१८ साली मजलिस आणि गार्डियन कौन्सिल यांच्यातला वाद मिटवणाऱ्या वरच्या परिषदेने त्यांना पुन्हा बसवलं.

इस्लामी पक्ष एकदा निवडून आले की पुन्हा निवडणूक होत नाही, असं म्हणतात.

इतिहास उलटसुलट आहे. अल्जीरियात डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडी जिंकली आणि सैन्याने निवडणूकच रद्द केली. पुढे दशकभर रक्तपात झाला. इजिप्तमध्ये मोहम्मद मोर्सी २०१२ साली निवडून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले हुकूम न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. ते चूकच होतं. पण ३ जुलै २०१३ ला सैन्याने त्यांना हटवलं आणि त्यानंतर जे आलं त्याला लोकशाही म्हणता येत नाही.

ट्युनिशियाचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. २०११ साली रशीद गन्नूशी यांच्या अन्-नहदा पक्षाला २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. मार्च २०१२ मध्ये पक्षाने घटनेत शरियतचा उल्लेख करण्याचा आग्रह सोडला. २०१४ च्या घटनेने सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य मान्य केलं, आणि त्याच महिन्यात पक्षाने सत्ता तटस्थ सरकारकडे सोपवली. पुढे २५ जुलै २०२१ ला संसद गोठवली ती राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी, म्हणजे घटनात्मक कायद्याच्या माजी प्राध्यापकाने. गन्नूशी २०२३ पासून कोठडीत आहेत.

मौलाना मौदुदींचं या वादात काय स्थान आहे?

मोठं आहे, आणि ते आपल्या जवळचे. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादचा, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातला. १९४१ साली लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. सार्वभौम फक्त अल्ला, माणसं त्याची प्रतिनिधी, आणि हे प्रतिनिधित्व सगळ्या मुसलमानांत वाटलेलं, अशी त्यांची मांडणी होती. यात लोकांना जागा दिसते, पण बिगरमुसलमान त्या 'लोकां'त बरोबरीने नाहीत. मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या घटना सभेने सार्वभौमत्व अल्लाचं असं सांगणारा ठराव केला, तेव्हा हिंदू सदस्य श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी त्याला विरोध केला तो याच मुद्द्यावर.

मुसलमान बहुसंख्य असून लोकशाही टिकली असा देश आहे का?

इंडोनेशिया. १८ ऑगस्ट १९४५ ला घटनेतून मुसलमानांवर शरियत बंधनकारक करणारा मजकूर काढला गेला. १९९९ पासून तिथे नियमित मोकळ्या निवडणुका होतात. २००२ साली तो मजकूर परत आणायचा प्रयत्न झाला तेव्हा नहदलतुल उलेमा आणि मुहम्मदिया या देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांनीच त्याला साथ दिली नाही.

इराणमध्ये घटना बदलून हे सुधारता येणार नाही का?

१७७ व्या कलमाप्रमाणे घटनादुरुस्तीची सुरुवात नेत्याच्या आदेशाने होते, आणि राज्याचं इस्लामी स्वरूप व धर्मपंडिताचं नेतृत्व यांना हात लावायचा नाही असं त्यातच लिहिलं आहे. २०२२ च्या उठावानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, यावर दोन माजी सत्ताधाऱ्यांनी एका दिवसाच्या अंतराने दोन वेगळी उत्तरं दिली. १९८१ ते १९८९ पंतप्रधान असलेले आणि २०११ पासून नजरकैदेत असलेले मीर हुसेन मूसावी म्हणाले, नवी घटना हवी की नको यावर मोकळं सार्वमत घ्या. खातमी म्हणाले, आहे ती घटना तिच्या मूळ आशयाप्रमाणे नीट राबवा. खातमींना आठ वर्षं राष्ट्राध्यक्षपद मिळालं, दोनदा प्रचंड बहुमत मिळालं, मजलिसही चार वर्षं बाजूची होती, आणि तरी त्यांची दोन विधेयकं पार झाली नाहीत. म्हणून या वादात मला मूसावींचं पटतं.